कडा कापलेली डबलरोटी

मागच्या डिसेंबरात तुम्ही दोघं आला होतात, तेव्हा निघायच्या दिवशी तुमच्यातल्या धाकटीनं मला विचारलं, "आजी, तू सँडविचच्या कडा आधी का खातेस? कडा तर कुणालाच आवडत नाहीत." मी म्हटलं, सवय आहे. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. खाली गाडी येऊन उभी होती, आणि ही हकिगत घाईत सांगण्यासारखी नाही. आता घर रिकामं आहे, वेळ आहे, म्हणून क्रमानं लिहिते.

क्रमानं सांगायचं तर पावापासून सुरुवात करावी लागेल.

मी अकरा वर्षांची होते. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. देऊळघाटला आमची शेती होती; थोडी कपाशी, थोडी ज्वारी, आणि विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला. बाबांचा जीव भाजीपाल्यात. काकडी, वांगी, टमाटे ते स्वतः तोडून बुलढाण्याच्या बाजाराला नेत. घरी ज्वारीची भाकरी, वरण, भाजी, ठेचा. सणाला पोळी. पाव आमच्या घरात अन्न म्हणून कधी आला नाही. आम्ही त्याला डबलरोटी म्हणायचो, आणि ती यायची ती फक्त आजाऱ्यासाठी. ताप सात दिवसांच्या वर गेला, भाकरी पोटात ठरेनाशी झाली, की बाबा बुलढाण्याहून कागदात गुंडाळलेली डबलरोटी आणत. ती दुधात बुडवून आजाऱ्याला भरवायची. बाकी कुणी तिला हात लावायचा नाही. आम्ही मुलं तिचा वास घ्यायलासुद्धा घाबरायचो.

याचं कारण आत्या. बाबांची धाकटी बहीण, लग्नानंतर दीड वर्षात माहेरी परत आलेली. तिला खोकला होता. मी सात वर्षांची असताना ती गेली. तिच्या आजाराच्या पायऱ्या मला पाठ होत्या, कारण त्या मी एकेक करून पाहिल्या होत्या. आधी डबलरोटी आली. मग तिचं ताट वेगळं झालं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, कडेला पोचा आलेलं. मग पेला वेगळा. मग गोठ्याला लागून असलेल्या खोलीत तिची खाट गेली, आणि तिच्या कपाळावरची ओली पट्टी बदलायला फक्त माझी आजी, म्हणजे तिची आई, आत जायची. त्यानंतर एका सकाळी आम्हा मुलांना शेजारच्या घरी नेऊन बसवलं. क्षयावर औषध तोवर निघालं होतं, हे मला पुढे वाचून कळलं. आमच्या घरापर्यंत ते वेळेवर पोचलं नाही.

आत्याचं ताट आजीनं राखेनं घासून चुलीच्या वरच्या फळीवर पालथं ठेवून दिलं. त्यात कुणी जेवलं नाही आणि ते कुणी टाकूनही दिलं नाही.

चार वर्षांनी, वेणी घालताना आईचा हात माझ्या मानेपाशी थांबला. उजव्या कानाच्या खाली चिंचोक्याएवढी गाठ होती. दुखत नव्हती. आजीनं लेप लावले. महिन्याभरात ती सुपारीएवढी झाली आणि तिच्या शेजारी दुसरी आली. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. आई आणि आजी माझ्यासमोर बोलणं बंद करायच्या, त्यावरून मला काय ते समजत गेलं. एका रात्री बाबा म्हणाले, "उद्या खामगावले नेतो." आजी म्हणाली, "बुलढान्यात डाक्तर नाही काय?" बाबा म्हणाले, "खामगावले फोटो काढाची मशीन हाय."

सकाळच्या एसटीनं निघालो. बोथ्याच्या घाटात बाबांनी मला खिडकीपाशी बसवलं आणि स्वतःचं उपरणं माझ्या गळ्याभोवती गुंडाळलं. वारा लागू नये म्हणून असेल. मला वाटलं, लोकांना गाठ दिसू नये म्हणून.

डॉक्टर पांढऱ्या मिशांचे होते. त्यांनी माझी मान चाचपली, काखेत पाहिलं, पाठीवर नळी लावली. मग एका अंधाऱ्या खोलीत थंडगार पत्र्याला छाती लावून उभं केलं आणि श्वास धरायला सांगितला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "बेटा, जरा बाकावर बस." आणि बाबांना आत घेऊन दार लावलं.

दाराला वरच्या अर्ध्या भागात खरबरीत काच होती. काचेतून बाबांची टोपी दिसत होती. थोड्या वेळानं ती दिसेनाशी झाली. बाबा बाहेर आले तेव्हा टोपी त्यांच्या हातात होती. घराबाहेर बाबांचं डोकं उघडं मी तोवर एकदाच पाहिलं होतं. आत्याच्या वेळी.

"झालं?" मी विचारलं.

"फोटू वाळाले टांगला हाय. तीन वाजता बोलावलं." मग टोपी घालून ते म्हणाले, "डाक्तर म्हणे, पोरीले हलकं काई खाऊ घाला. डबलरोटी, लोनी."

पहिली पायरी आली होती.

तुमच्या पणजोबांनी खामगावात कापूस विकायला किती तरी फेऱ्या केल्या होत्या. बाजाराच्या रस्त्यावर एक जुनं हॉटेल होतं. सरक्या काढायच्या गिरण्यांवरचे गोरे साहेब तिथे दुपारचं खाणं खात, तेव्हापासूनचं. हिरव्या लाकडी जाळीचं दार, वर इंग्रजी अक्षरांची पाटी. साहेब निघून गेले, पण हॉटेलनं आपली रीत बदलली नव्हती. दुपारी तिथे सँडविच आणि चहा एवढंच मिळे. बाबा वर्षानुवर्षं त्या दारावरून गाड्या हाकत गेले होते. आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला, पायरीवर चपला काढाव्यात की काय या विचारात क्षणभर थांबले, आणि चपलांसकट आत शिरले.

आत गार होतं. वर पंखा फिरत होता, इतका हळू की पाती मोजता येत होती. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. भिंतीवर एका जागी चौकोनी फिकट डाग होता. तिथे कुणाची तरी तसबीर असणार. हात धुवायच्या भांड्यावर इंग्रजीत काही लिहिलं होतं. आमच्या पाचवीच्या वर्गात नुकतीच इंग्रजी अक्षरओळख झाली होती. मी एकेक अक्षर ओळखलं आणि अर्थ एकाचाही लागला नाही. दवाखान्यातून थेट आलेल्या मुलीला त्या ओळीत काय दिसणार? मला वाटलं, आजाऱ्यांनी कुठे बसायचं ते लिहिलंय. पुढे मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण ती ओळ काय होती हे मला आजही माहीत नाही. मी पुन्हा गेले तोवर ते हॉटेल राहिलं नव्हतं.

वाढपी म्हातारा होता. पांढरा कोट, पितळी बटणं, एक बटण तुटलेलं. त्यानं बाबांच्या धोतराकडे पाहिलं, मग माझ्या गळ्याभोवतीच्या उपरण्याकडे.

"क्या लाऊं, पाटील?"

"डबलरोटी. लोनी लावून."

"सँडविच घ्या ना. काकडीचं हाय, टमाट्याचं हाय. अंड्याचं बी हाय."

"अंडं नोको. काकडीचं आन. एकच."

"आन तुमाले?"

"मले भूक नाही."

मी हे मनात नोंदवलं. बाबांना भूक नाही. पहाटे आईनं दिलेली भाकर त्यांनी एसटीत सोडलीसुद्धा नव्हती, ती पिशवीत तशीच होती.

म्हाताऱ्यानं मागच्या फळीवरून एक परात पुढे ओढली. तिच्यावर ओलं पांढरं कापड पसरलं होतं. पाव सुकू नये म्हणून सँडविच ओल्या कापडाखाली ठेवतात, हे आता मला माहीत आहे. तेव्हा मला फक्त आत्याच्या कपाळावरची पट्टी दिसली. त्यानं कापडाचं एक टोक उचललं, आतून चार तिकोनी तुकडे काढले आणि पुन्हा कापड सारखं केलं, अगदी आजी करायची तसं, टोकं दाबून.

ताटली चिनी मातीची होती, निळ्या काठाची. ती त्यानं माझ्यापुढे ठेवली. फक्त माझ्यापुढे. पाण्याचा काचेचा पेलाही फक्त माझ्यापुढे.

वेगळं ताट. वेगळा पेला. सकाळपासून दुपारपर्यंत मी तीन पायऱ्या चढले होते. आत्याला त्याच पायऱ्यांना सहा महिने लागले होते.

बाबा मात्र ताटलीकडे टक लावून पाहत होते. "हे काय बे?" ते वाढप्याला म्हणाले. "याच्या कडा कुठी गेल्या?"

"कडा कापतो आमी."

"काऊन?"

"साहेब लोक कडा खात नव्हते."

"साहेब गेले ना?"

"गेले की."

"मंग? साहेब गेले त आता कडा कोनासाठी कापता? अर्धी रोटी त बाहीरच ठेवली तुमी." त्यांनी एक तिकोन बोटानं जरासा उचलून आत पाहिलं. "आन ही काकडी पाय. कागद बरा याच्यापेक्षा. माह्या एका काकडीत तुमच्या हाटेलाचं वरीस निघन."

म्हातारा हसला. त्याला पुढचे दोन दात नव्हते. "पाटील, कडा पाह्यजेत काय? आनतो. कडाचे पैसे नाही."

आणि खरंच त्यानं एका पत्र्याच्या थाळीत कडांचा ढीग आणून बाबांपुढे ठेवला. तपकिरी, लांब, वाळायला लागलेल्या. बाबा एकेक कड घेऊन चावू लागले. "हे पाय, खरी रोटी ही हाय," ते मला म्हणाले. "खाय तू बी."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. पण मी पाहत होते ते वेगळंच. मघाशी भूक नाही म्हणालेले बाबा आता खात होते, पण वेगळ्या थाळीतून. माझ्या ताटलीपासून त्यांची थाळी एक वीत दूर होती. माझ्या पेल्यातलं पाणी त्यांनी घेतलं नाही. दुसरा पेलाही मागवला नाही. वाळक्या कडा कोरड्या घशानं गिळत होते.

आमच्या घरी बाबा माझ्या ताटातलं उष्टं नेहमी खायचे. मी भाकर टाकली की, "आन इकडं, लक्ष्मीले फेकत नाई," म्हणत ती आपल्या ताटात ओढून घ्यायचे. त्यामुळे मला एक उपाय सुचला. बाबांनी माझं उष्टं खाल्लं, तर मला आत्याचा आजार नाही. नाही खाल्लं, तर आहे. डॉक्टरांचा फोटो वाळायची वाट पाहायला नको होती. इथेच, या टेबलावर कळणार होतं.

मी एक तिकोन उचलला आणि चावला. पाव गार, ओलसर, तोंडात पिठासारखा विरघळणारा. लोणी खारट. मला तो गिळवेना. दातांच्या खुणा राहिलेला तो तुकडा मी ताटलीत ठेवला आणि ताटली बाबांकडे सरकवली. संगमरवरावरून ती खरखर वाजली.

"मले नोको. तुमी खा."

बाबांचा हात कडांच्या ढिगावर थांबला.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी तुकड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा तुकड्याकडे. पंख्याची पाती मी त्या वेळात सात मोजली. सातव्यानंतर मोजायचं थांबले, कारण मला रडू येत होतं आणि रडले तर ते मला बरं वाटावं म्हणून खातील, आणि मग उत्तर खरं राहणार नाही, हेसुद्धा मला कळत होतं.

"नखरे लय झाले पोरीचे," बाबा म्हणाले. त्यांनी तो उष्टा तुकडा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला. चावला. गिळला. मग माझा पेला उचलून, ओठ लावून, अर्धं पाणी प्यायले. "खारट हाय," म्हणाले. "पन बरं हाय."

मी उरलेले तीनही तिकोन खाल्ले. वर दोन कडा खाल्ल्या, बाबांच्या थाळीतल्या. म्हाताऱ्यानं पाणी आणून दिलं तेव्हा मी त्याला विचारलंही, की एवढं मोठं हॉटेल आणि तुटलेलं एक बटण का लावत नाही? तो म्हणाला, "बेबी, बाकीचे तुटाची वाट पाहून राह्यलो. मंग एकदमच लावीन." बाबा मोठ्यानं हसले. त्या दिवसातला तेवढाच अर्धा तास मला भीतीशिवायचा आठवतो.

तीन वाजता डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. छाती साफ होती, ते म्हणाले. पण मानेतल्या गाठी क्षयाच्याच होत्या, त्यांना शंका नव्हती. घाबरायचं कारण नाही, आता औषध आहे. सुया घ्याव्या लागतील, गोळ्या घ्याव्या लागतील, वर्षभर, एकही दिवस न चुकवता. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. बाबांनी माझं उष्टं खाल्लं होतं. मग हे कसं?

मग डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "आणि मघाशी सांगितलं तेवढं लक्षात ठेवा, पाटील. हिचं ताट-पेला वेगळा. उष्टं कुणी खायचं नाही."

मघाशी.

मी बाबांकडे पाहिलं. ते चिठ्ठीकडे पाहत होते.

त्या क्षणी माझी भीती माझ्यावरून उठली आणि त्यांच्यावर जाऊन बसली. मरणार होते ते बाबा, आणि मारणार होते मी. ताटली मी सरकवली होती.

एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले, माझा श्वास त्यांना लागू नये म्हणून. ते समजून न समजल्यासारखे उलट जवळ सरकले आणि पिशवीतली सकाळची भाकर काढून खाऊ लागले.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आजी दारात होती. "काय म्हने डाक्तर?" बाबांनी सांगितलं. आजी आत वळली. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थांबले. फळीवर धुळीत एक गोल ठसा होता. ताट खाली आलेलं होतं. घासलेलं, पुसलेलं, माझ्या पाटापुढे मांडलेलं. तिनं आमची वाटही पाहिली नव्हती. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. पोटची पोर तिनं त्याच ताटात जेवू घालून घालवली होती. दुसरं काय करायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बाबांनी ते पाहिलं. ते ताट उचलून त्यांनी बाहेर ओट्यावर नेऊन ठेवलं.

"अरे, डाक्तरनं वेगळं सांगतलं अशीन ना?" आजी म्हणाली.

"हाव, सांगतलं. वेगळं देजो. पन हे नाही."

"ताटाले काय होते?"

"माय, हे नाही म्हनलं ना."

माझ्यासाठी पितळेची नवी थाळी आली. तिच्याबरोबरच आईनं एक नियम केला, की जेवणानंतर घरातली सगळीच भांडी उकळत्या पाण्यातून काढायची, माझी आणि इतरांचीही. वर्षभर तिचे हात भाजत राहिले. वर्षभर कंपाउंडर सायकलवरून येऊन सुई टोचत राहिला. गाठी हळूहळू विरल्या. मानेवरची खूण तुम्ही पाहिली आहे. लहानपणी तुम्ही तिच्यावर बोट ठेवून झोपायचात.

पण त्या वर्षात मी स्वतःकडे फारसं पाहिलंच नाही. मी बाबांची मान पाहत होते. ते अंगणात तोंड धुवायला वाकले की मी मागे उभी राहून कानाखालची जागा तपासायची. ते खोकले की मोजायची. धुळीनं खोकले की आजारानं, हे ठरवायला शेतात त्यांच्यामागे जायची. गाठींचा क्षय उष्ट्यातून लागत नाही, हे मला कॉलेजात कळलं. बाबांना ते माहीत नव्हतं. त्यांना आत्याचं ताट माहीत होतं, आणि डॉक्टरांचं बंद दाराआडचं बोलणं. त्यांना पुढे काही झालं नाही. चांगले म्हातारे होऊन गेले. पण ते मला आज माहीत आहे, तेव्हा नव्हतं.

आत्याचं ताट दुसऱ्या दिवसापासून घरात नव्हतं. मला ते सापडलं पंधरा दिवसांनी, काकडीच्या वाफ्यात. बाबांनी त्याला खिळ्यानं भोक पाडून, सुतळी ओवून, बांबूला टांगलं होतं. शेजारी एक जुना लोखंडी खिळा लोंबत होता. वारा सुटला की खिळा ताटावर आपटायचा आणि वेलांवर बसलेले राघू उडून जायचे.

मी बांधावर उभी राहून बाबांची मान पाहत होते. ते काकड्या तोडत होते, वाकलेले. न वळताच म्हणाले, "काय पाहून राह्यली?"

"काई नाही."

"रोज पाह्यते."

मग मी विचारलं. पंधरा दिवस तोंडात धरलेलं. "डाक्तरनं आधीच सांगतलं होतं ना? मंग तुमी माहं उष्टं काऊन खाल्लं?"

ते उभे राहिले. धोतराला हात पुसले. एक काकडी दोन हातांत धरून मोडली आणि अर्धी माझ्यासमोर धरली.

"भूक लागली होती," ते म्हणाले.

वारा आला. ताट वाजलं, राघू उडाले, आणि मी दचकले. पुढे किती तरी दिवस दचकत राहिले. बाबा काकडी खात होते, सालासकट.